काचेपलीकडचा ताती : ‘सिल्वी ए ल फाँतोम’ प्रकल्पाच्या नोंदी

५ जुलै

आमच्या फिल्म सोसायटीच्या सप्टेंबरमधील कार्यक्रमासाठी क्लोद ओताँ-लारा यांचा ‘सिल्वी ए ल फाँतोम’ हा कृष्णधवल फ्रेंच चित्रपट आज नक्की झाला. त्याचे चित्रीकरण १९४५ मध्ये झाले आणि तो फेब्रुवारी १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपट संपल्यावर प्रेक्षकांना तसेच घरी जाऊ न देता, त्यातील भूत ज्या रीतीने पडद्यावर आणले गेले ती रीत शेजारच्या खोलीत माणसाच्या उंचीची उभी करून दाखवावी, असा प्रस्ताव मी मांडला होता आणि तो समितीने मान्य केला. या कामाच्या नोंदी या वहीत राहतील. पुढे कोणाला हा प्रयोग करावासा वाटला, तर मापे आणि अडचणी दोन्ही हाताशी असाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

प्रस्तावाचे कारणही येथे लिहून ठेवतो. जुन्या चित्रपटातील पारदर्शक भूत पाहिले की बहुतेक जाणकार ‘डबल एक्स्पोजर’ (एकाच फिल्मवर दोनदा चित्रण) म्हणून मोकळे होतात. प्रभातचे संतपट पाहत मोठे झालेल्या आपल्या पिढ्यांना तर चमत्काराच्या दृश्यांतील ही करामत ओळखीचीच आहे. परंतु या चित्रपटातील भूत मागाहून दुसऱ्या खेपेला फिल्मवर उतरवलेले नाही. जिवंत पात्रे आणि भूत एकाच वेळी, एकाच स्टुडिओत, एकाच कॅमेऱ्यासमोर वावरत होती आणि दोघांच्या मध्ये एक काच होती. हा फरक तांत्रिक तपशिलापुरता राहत नाही, त्याने अभिनयाचा पोतच बदलतो, असे माझे मत आहे आणि ते प्रेक्षकांना डोळ्यांनी पाहू द्यावे, अशी मनापासून इच्छा आहे.

९ जुलै

चित्रपट आज सलग पाहिला आणि मग भुताची दृश्ये एकेक करून, थांबत थांबत पाहिली. प्रेक्षकांना द्यायच्या टिपणासाठी कथा थोडक्यात अशी : सोळा वर्षांची होऊ घातलेली सिल्वी वडिलांसोबत एका जुन्या गढीत राहते आणि तिथल्या एका तसबिरीतील पुरुषावर तिचा जीव जडलेला आहे. आलँ द फ्रांसिन्यी हे त्याचे नाव. तिच्या आजीवर त्याचे प्रेम होते आणि त्या प्रेमापायीच तो द्वंद्वयुद्धात मारला गेला. पैशांची चणचण भागवण्यासाठी वडील ती तसबीर विकतात, आणि मुलीचे मन राखावे म्हणून तिच्या वाढदिवशी भुताचे सोंग करायला एका नटाला बोलावतात. त्या रात्री गढीत नटाखेरीज एक चोर आणि सिल्वीवर भाळलेला एक तरुणही शिरतो. अशी तीन खोटी भुते एकमेकांच्या पायांत घोटाळत असतात आणि या सगळ्यांमधून खरे भूत निःशब्द फिरत असते.

ते खरे भूत म्हणजे पुढे विनोदी नट आणि दिग्दर्शक म्हणून गाजलेला झाक ताती. संपूर्ण चित्रपटात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. सिल्वी झाली आहे ओदेत ज्वाय्यो, वडिलांच्या भूमिकेत पिएर लार्के आहेत, तर फ्रांस्वा पेरिए, झाँ देसायी आणि लुई सालू हे तीन खोट्या भुतांचे काम करतात. छायाचित्रण फिलिप आगोस्तिनी यांचे, संगीत रने क्लोएरेक यांचे आणि पटकथा झाँ ओराँश यांची. मूळ नाटक आल्फ्रेद आदाँ यांचे. ज्वाय्यो यांचा जन्म १९१४ चा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी त्या तिशी गाठलेल्या होत्या, तरी सोळा वर्षांची मुलगी त्यांनी चालण्यातून आणि मान वळवण्यातून उभी केली आहे. लहानपणी पॅरिसच्या ऑपेराच्या नृत्यशाळेत झालेले शिक्षण येथे कामी आलेले दिसते. पोशाखांच्या कामात ख्रिस्तियाँ दिओर होते. स्वतःच्या नावाचे फॅशनगृह काढण्यापूर्वीचा हा त्यांचा काळ आहे. एरवी हा तपशील मी नुसता नोंदवून पुढे गेलो असतो, परंतु काचेच्या प्रयोगात कापडाचा रंग हाच निम्मा खेळ आहे, त्यामुळे पोशाखांकडे पुन्हा यावे लागणार आहे.

१४ जुलै

आज तुलनेसाठी झ्युलियँ द्यूविव्हिए यांचा १९३९ चा ‘ला शारेत फाँतोम’ पाहिला. वर्षाच्या शेवटच्या रात्री जो सर्वांत शेवटी मरतो, त्याला पुढचे वर्षभर मृत्यूची गाडी हाकावी लागते, या आख्यायिकेवर तो उभा आहे. मूळ कादंबरी स्वीडनच्या सेल्मा लागरलॉफ यांची, १९१२ सालची. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातही अशीच समजूत आहे. तेथे त्या गाडीवानाला आंकू म्हणतात आणि गावात वर्षाच्या अखेरीस जो मरतो तो पुढचा आंकू होतो, असे मानतात. त्यामुळे स्वीडिश गोष्ट फ्रेंच पडद्यावर परकी वाटली नसावी. याच कादंबरीवर व्हिक्टर श्योस्त्रोम यांनी मूकपट काढला होता, जो १ जानेवारी १९२१ रोजी प्रदर्शित झाला. छायाचित्रकार युलियस येन्सॉन यांनी त्यासाठी तीच फिल्म कॅमेऱ्यातून पुन्हा पुन्हा मागे घेऊन काही ठिकाणी चार थरांपर्यंत चित्रे एकमेकांवर उमटवली होती.

द्यूविव्हिए यांच्या चित्रपटात पिएर फ्रेने आणि लुई झुव्हे हे दोन थोर नट समोरासमोर आहेत आणि त्यांच्या संवादांना तोड नाही. तरीही गाडी येते त्या दृश्यांत माणूस आणि छाया यांच्यामध्ये किंचित शिवण जाणवते. माणूस थबकतो, मग छाया हलते, मग माणूस प्रतिसाद देतो. दोन वेगळ्या वेळी केलेल्या कामांना मोजमापाने जुळवावे लागते आणि ते मोजमाप कितीही अचूक असले तरी समोरच्याने श्वास लांबवला म्हणून आपणही तो लांबवला, असे तेथे घडू शकत नाही. मृत्यूच्या गाडीला ही शिवण शोभते, कारण ती दुसऱ्याच काळातून आलेली असते. ‘सिल्वी’मधले भूत मात्र घरातलेच आहे, ते जिन्यावरून उतरते, दारात थांबते आणि माणसांकडे पाहत राहते. त्याला हा तुटकपणा चालला नसता.

२१ जुलै

मांडणीचा आराखडा आज कागदावर आला.

कॅमेऱ्यासमोर एक उभी काच, कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेशी ४५ अंशांच्या कोनात. काचेतून आरपार समोर खरा सेट दिसतो. काचेच्या उजव्या बाजूला, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, दुसरा सेट असतो, जो पूर्णपणे काळ्या मखमलीने मढवलेला असतो. भुताचे काम करणारा नट तेथे उभा राहतो आणि त्याच्यावर प्रखर प्रकाश टाकला की त्याचे प्रतिबिंब काचेत पडून समोरच्या सेटमध्ये तो उभा असल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात रात्रीच्या एसटीत खिडकीच्या काचेवर आपला चेहरा आणि बाहेरची झाडे एकदम दिसतात, त्यातला प्रकार हाच.

ही युक्ती सिनेमाहून जुनी आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी डिसेंबर १८६२ मध्ये ती रंगमंचावर दाखवली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची होती. त्याच दशकात आँरी रोबाँ हा जादूगार पॅरिसच्या प्रेक्षकांना अशीच जिवंत भुते दाखवत होता. म्हणजे फ्रेंच प्रेक्षकांच्या आजोबा-पणजोबांनी काचेतले भूत नाटकगृहात पाहिलेले असणार. तिरक्या आरशाचा उपयोग स्टुडिओतही नवा नव्हता. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटात तिरक्या आरशाने छोट्या प्रतिकृतींत माणसे बसवणारे ऑयगेन श्युफ्टान १९३० च्या दशकात फ्रान्समध्येच छायाचित्रणाचे काम करत होते.

स्वतः ओताँ-लारा यांचा पिंडही लक्षात घ्यायला हवा. ते नेपथ्य आणि वेशभूषा करत दिग्दर्शनाकडे आले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी प्राध्यापक आँरी क्रेत्याँ यांचे इपेरगोनार हे भिंग लावून रुंद पडद्यासाठी एक लघुपट केला होता. तेच भिंग १९५३ मध्ये आलेल्या सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीचा पाया ठरले. भिंग, आरसा आणि सुतारकाम या तिन्हींची आवड असलेला माणूस काचेच्या वाटेला जाणे स्वाभाविक होते. युद्ध नुकतेच संपलेल्या फ्रान्समध्ये विजेचा आणि कच्च्या मालाचा तुटवडा होता. सगळा परिणाम कॅमेऱ्यातच, एका खेपेत हाती येतो आणि प्रयोगशाळेवर काहीच सोपवावे लागत नाही, ही सोयही त्यांना मोलाची वाटली असावी, असे मला वाटते.

आपल्या मांडणीत काच ते खरा सेट १२ फूट आणि काच ते काळा सेट १२ फूट. ही दोन अंतरे सारखीच हवीत. प्रतिबिंब काचेच्या मागे तेवढ्याच अंतरावर पडते. काळा सेट दोन फूट जवळ आणला तर भूत सिल्वीच्या शेजारी उभे न राहता तिच्या दोन फूट पुढे येते, आणि फोकसही चुकतो.

२७ जुलै

काच आणली. काचवाल्याने ४ मिमी जाडीची साधी फ्लोट काच सुचवली होती, कारण ३ × ४ फुटांच्या तुकड्याला त्याहून पातळ काच नेताना तडकण्याची भीती असते. ती लाकडी चौकटीत बसवून पाहिली. पूर्णाकृती चौकटीत प्रतिमा स्वच्छ होती. कॅमेरा जवळच्या दृश्यावर नेला तेव्हा मात्र नाकाच्या कडेला, कॉलरच्या टोकाला आणि पोशाखाच्या झालरीला दुसरी कड दिसू लागली.

याचे कारण सरळ आहे. काचेला दोन पृष्ठभाग असतात आणि दोन्ही परावर्तन करतात, तेही जवळजवळ सारख्याच जोराने. ४५ अंशांच्या कोनात या दोन प्रतिमांमधील अंतर काचेच्या जाडीच्या सुमारे पाऊणपट भरते, म्हणजे ४ मिमीच्या काचेत सुमारे ३ मिमी. पूर्ण उंचीच्या माणसात ३ मिमी हरवून जातात, चेहऱ्यावर ते खपत नाहीत. भुताचा जवळून घेतलेला चेहरा हवा असेल तर एकाच पृष्ठभागावर पातळ मुलामा दिलेली काच वापरावी लागते किंवा काच पातळ करावी लागते. आम्ही फोटोच्या फ्रेमला लावतात ती २ मिमी काच घेतली. अंतर निम्मे झाले आणि कड डोळ्यांआड गेली.

पातळ काचेचा एक त्रास लगेच कळला. खोलीतला पंखा चालू असला की काच अगदी सूक्ष्म थरथरते, आणि आरसा जेवढ्या कोनात हलतो त्याच्या दुप्पट कोनात प्रतिबिंब हलते. खरा सेट स्थिर, भूत मात्र कापरे भरल्यासारखे. चौकटीच्या मागे आडवी पट्टी मारून उपयोग नव्हता, ती कॅमेऱ्याला दिसते. शेवटी काचेच्या चारही कडांना नमद्याची पट्टी लावून चौकट घट्ट आवळली आणि काम चालू असताना पंखा बंद ठेवायचा, असे ठरले.

३ ऑगस्ट

प्रकाशाचे काम. आजचा दिवस सर्वांत फलदायी ठरला, म्हणून सविस्तर लिहितो.

साधी काच ४५ अंशांच्या कोनात दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे १० टक्के प्रकाश परावर्तित करते आणि उरलेल्यातील बहुतेक आरपार जाऊ देते. याचा अर्थ दोन्ही सेटवर सारखाच प्रकाश असेल तर भूत समोरच्या माणसाच्या नवव्या हिश्श्याइतकेच उजळ दिसेल, म्हणजे जवळजवळ दिसणारच नाही. त्याला माणसाच्या तोडीस तोड दिसायचे असेल तर त्याच्यावर नऊपट प्रकाश हवा. आम्ही समोरच्या सेटवर दोन मंद दिवे ठेवले आणि काळ्या सेटवर हजार वॅटचे हॅलोजन लावले. आमच्यातला जो तरुण भुताच्या जागी उभा होता, तो थोड्याच वेळात घामाने निथळला. विरळ, गार, हवेत तरंगणारे असे जे भूत पडद्यावर दिसते ते प्रत्यक्षात सेटवरील सर्वांत तापलेल्या जागी उभे असते. अर्धा मुलामा दिलेली काच वापरली तर हे प्रमाण बरेच खाली येते, पण मग समोरच्या सेटवरचा प्रकाशही काचेत अडतो आणि तेथेही दिवे वाढवावे लागतात.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. काचेतले प्रतिबिंब प्रकाशात फक्त भर घालू शकते. ते काही झाकू शकत नाही. समोर पांढरी भिंत असेल तर तिच्यापुढे भूत विरघळून जाते, काळोखा कोपरा असेल तर ठसठशीत उमटते. भुताच्या पोशाखाचा काळा भाग हा काळा दिसत नाही, तो नुसता नसतो, आणि तेथून मागचे कपाट दिसते. म्हणून भुताचा पोशाख फिका हवा, त्याच्या मागची भिंत गडद हवी, आणि जिवंत पात्रांना इतका नेमका प्रकाश हवा की त्याचा सांडलेला उजेड मागच्या भिंतीवर पडू नये.

हे ध्यानात ठेवून चित्रपटातील दृश्ये पुन्हा लावली. गढीच्या दालनांतील गडद भिंती, मेणबत्त्यांच्या आसपास तेवढाच उजेड आणि बाकी अंधार, हे आतापर्यंत वातावरणनिर्मिती म्हणून पाहत होतो. आता दिसते की आगोस्तिनी यांनी प्रत्येक दालनात भुतासाठी काळोखाची वाट राखून ठेवली आहे. जेथे ते चालणार आहे तेथे भिंत उजळलेली नाही. ही वाट अशा बेमालूमपणे चित्रात मुरलेली आहे की शोधल्याशिवाय सापडत नाही.

डिमरचा उपयोगही आज पाहिला. काळ्या सेटवरचा प्रकाश हळूहळू कमी केला की भूत समोरच्या दृश्याला धक्का न लावता विरत जाते, पुन्हा वाढवला की आकार घेते. पाहणाऱ्या दोघांनी एकदमच श्वास रोखला.

९ ऑगस्ट

मखमल. बाजारात काळे वेल्व्हेट म्हणून मिळणारे बरेचसे कापड कृत्रिम धाग्याचे असते आणि प्रखर दिव्याखाली त्यावर चकाकी येते. ती काचेत राखाडी धुक्यासारखी पसरते. सुती मखमल, तीही लव खालच्या दिशेला ठेवून टांगलेली, सर्वांत काळी दिसते. काचेवरची धूळही असेच धुके निर्माण करते, कारण बाजूच्या हॅलोजनचा प्रकाश प्रत्येक कणावर पडतो. प्रत्येक प्रयोगापूर्वी काच पुसणे अनिवार्य.

आता सर्वांत सुंदर भाग. खऱ्या सेटवर एक टेबल आहे आणि भुताने त्याच्या मागून जायचे आहे. प्रतिबिंब कशाच्याही मागे जात नाही. ते टेबलावर चढून दिसेल. यावर उपाय असा की काळ्या सेटवर नेमक्या त्याच जागी, त्याच आकाराचे टेबल ठेवायचे आणि तेही मखमलीने पूर्ण झाकायचे. भुताचे काम करणारा नट त्या काळ्या टेबलामागून चालतो, त्याचे पाय काळ्या कापडाआड जातात आणि काचेत पाहणाऱ्याला ते खऱ्या टेबलाआड गेल्याचे दिसते. दार असेल तर काळे दार, जिना असेल तर काळा जिना. म्हणजे गढीच्या एकेका दालनाची काळी जुळी प्रतिकृती स्टुडिओत शेजारी उभी करावी लागते, तीही उजवी-डावी उलटी, कारण आरशात बाजू बदलतात. तलवार कमरेला ज्या बाजूला दिसायला हवी तिच्या विरुद्ध बाजूला बांधावी लागते.

आमच्या सुतारकाकांनी दोन टेबलांच्या जागा दोरीने आणि ओळंब्याने मापून जुळवल्या. एका पायाची जागा बोटभर चुकली होती तर भुताचा गुडघा खऱ्या टेबलाच्या कडेवर पातळ दिसत होता. ती सरकवताच तो नाहीसा झाला. काकांनी मग आपणहून टेबलाच्या बाकी तिन्ही कडा पुन्हा तपासल्या.

१० ऑगस्ट

सुट्टीमुळे काम बंद. प्रदर्शनाच्या परवानगीचे पत्र आले. ते फाइलला लावले.

१७ ऑगस्ट

कॅमेरा फिरवण्याचा प्रश्न. काच आणि कॅमेरा एकाच पाटावर बसवून दोन्ही मिळून वळवले तर समोरच्या सेटच्या तुलनेत प्रतिबिंब कॅमेरा वळतो त्याच्या दुप्पट कोनात सरकते, आणि भूत जमिनीवरून घसरत गेल्यासारखे दिसते. काच जागच्या जागी पक्की ठेवून तिच्यामागे फक्त कॅमेरा वळवला तर दोन्ही दृश्ये एकमेकांत रुतून राहतात. मात्र त्यासाठी काच पुरेशी मोठी हवी, नाहीतर तिची चौकट लगेच दिसते. आमच्या काचेत साधारण एका माणसाच्या दोन पावलांइतकी हालचाल बसते.

यातून चित्रपटातील एक सवय उलगडली. भुताच्या दृश्यांत कॅमेरा बहुधा संयमाने थांबतो आणि हालचाल नटावर सोपवतो. ही मर्यादा दिग्दर्शकाने तातीसाठी जागा म्हणून वापरली आहे. स्थिर चौकटीत एक उंच माणूस नुसत्या चालीने लक्ष धरून ठेवतो आणि त्याला कोठेही कापून जोडावे लागत नाही.

२४ ऑगस्ट

आज तालीम घेतली. एक मुलगी खऱ्या सेटवर, एक मुलगा काळ्या सेटवर. दोघांना एकमेकांचे काहीच दिसत नाही. मुलीच्या समोर रिकामी खोली आहे, मुलाच्या समोर काळा पडदा आणि डोळ्यांवर येणारे दिवे. दोघे शेजारी उभे आहेत हे फक्त काचेमागे कॅमेऱ्याच्या जागी असलेल्या माणसाला दिसते. नजर कोठे ठेवायची यासाठी मुलाला मखमलीवर खडूची बारीक खूण करून दिली. तीही कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर.

पहिल्या काही वेळा दोघे एकमेकांना चुकवत राहिले. मग मुलीने हळू पावलांनी खिडकीपाशी जाताना पायांचा आवाज ऐकू येऊ दिला आणि मुलगा त्या आवाजावर चालू लागला. तेव्हापासून चित्र बदलले. ती थबकली तर तो थबकत होता, तिने श्वास सोडला तर त्याचे खांदे उतरत होते, आणि हे कोणी मोजून दिलेले नव्हते. ५ जुलैच्या नोंदीत जे मत मांडले होते ते मला आज काचेत दिसले. दोन खेपांत टिपलेल्या छायेला हे ऐकणे शक्य नसते.

तातीने हे काम कसे पेलले असेल, याचा अंदाज आता बांधता येतो. १९३० च्या दशकात तो संगीतगृहांच्या रंगमंचावर खेळाडूंच्या नकला करत असे : टेनिसपटू, फुटबॉलचा गोलरक्षक, मुष्टियोद्धा, घोडेस्वार. समोर चेंडू नाही, प्रतिस्पर्धी नाही, घोडाही नाही. त्यांचे वजन आणि अंतर आपल्या अंगातून दाखवायचे. काळ्या मखमलीच्या खोलीत न दिसणाऱ्या मुलीकडे पाहायला याहून चांगली पूर्वतयारी कोणती असणार? त्याचे लांब हातपाय, किंचित पुढे झुकलेली मान आणि पाऊल टाकण्यापूर्वीचा क्षणभराचा विचार या सगळ्यात प्रेमाची एक संकोची रीत आहे. तो हसवायला जात नाही. याच चित्रपटाच्या निमित्ताने त्याचा निर्माते फ्रेद ओराँ यांच्याशी परिचय झाला आणि दोघांनी मिळून काढलेल्या कादी-फिल्म या संस्थेतून पुढे ‘झूर द फेत’ हा तातीचा पहिला मोठा चित्रपट १९४९ मध्ये आला. त्या चित्रपटात तातीने साकारलेला पोस्टमन सर्वांना माहीत असतो, हे भूत फारसे कोणी पाहिलेले नसते. माझ्या दृष्टीने तातीच्या देहबोलीचा अभ्यास येथून सुरू व्हायला हवा.

३० ऑगस्ट

कॅमेऱ्यावर पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर) चढवून पाहिला आणि एक अनपेक्षित सोय हाती आली. फिल्टर एका बाजूला फिरवला की भूत जवळपास पूर्ण नाहीसे होते, पाव फेरा उलट फिरवला की पुन्हा प्रकट होते. काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश बहुतांशी एकाच दिशेने कंप पावणारा असतो आणि ४५ अंशांवर हा परिणाम चांगलाच तीव्र असतो. एका दिशेच्या प्रकाशाचे एका पृष्ठभागावरून सुमारे ९ टक्के परावर्तन होते, तर दुसऱ्या दिशेच्या प्रकाशाचे एक टक्काही होत नाही. परावर्तनाची ही सूत्रे मांडणारे ओग्युस्तँ फ्रेनेल फ्रेंचच होते आणि ती त्यांनी १८२३ मध्ये मांडली. मुलांना भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील प्रकरण एका भुतामुळे आवडू लागले आहे, याचा आनंद वाटतो.

प्रेक्षकांसाठी डिमर आणि पोलरायझर दोन्ही ठेवायचे. डिमरने भूत विरते तेव्हा त्याच्या सावल्या आधी जातात आणि उजळ कपाळ, हात, कॉलर मागे राहतात.  चित्रपटातल्या विरण्याशी पहिली रीत अधिक जुळते, म्हणून प्रात्यक्षिकाची सुरुवात डिमरने होईल.

६ सप्टेंबर

मांडणी पूर्ण झाली. भिंतीवर लावायच्या फलकाचा मजकूर आज पक्का केला. त्यात तीन चित्रे आहेत : वरून पाहिलेला नकाशा, टेबलामागून जाणाऱ्या नटाची दोन्ही सेटवरील स्थिती, आणि काचेच्या दोन पृष्ठभागांवरून पडणाऱ्या दोन प्रतिमा. चित्रपटाच्या नावाखाली ओताँ-लारा यांच्यासोबत आगोस्तिनी यांचे नाव सारख्याच अक्षरांत घेतले आहे. असे का, म्हणून समितीतून विचारणा झाली. ३ ऑगस्टची नोंद वाचून दाखवली आणि मजकूर तसाच राहिला.

प्रेक्षकांनी आधी चित्रपट पाहावा आणि मगच या खोलीत यावे, हा क्रम बदलू नये. खोलीत आल्यावर प्रत्येकाला दोन्ही जागी उभे राहता येईल : एकदा काचेमागे, कॅमेऱ्याच्या जागी, आणि एकदा काळ्या मखमलीत, दिव्यांसमोर. दुसऱ्या जागी उभे राहणाऱ्याला समोर काहीच दिसणार नाही, पलीकडच्या सेटवर कोणी चालले तर पावले तेवढी ऐकू येतील. त्यासाठी खऱ्या सेटवरची सतरंजी काढून लाकडी फळ्या उघड्या ठेवायला सुतारकाकांना सांगितले आहे. हॅलोजनच्या उष्णतेमुळे एका व्यक्तीला दोन मिनिटांहून अधिक वेळ तेथे थांबू द्यायचे नाही, पाण्याची सोय दाराशी करायची, आणि काच पुसण्याचे काम दर अर्ध्या तासाला पाळीपाळीने करायचे. मुलांच्या पाळ्या फलकाच्या मागे लिहून लावल्या आहेत.